केलबेकर वळणावरचा खांब

वाळवंटातल्या नीडल्स गावी, पेट्रोलपंपामागच्या मोकळ्या जागेत त्या शनिवारी सकाळी नऊ मोटरसायकली उभ्या होत्या. सात धिप्पाड, बाराशे सीसीच्या वरच्या. एक माझी, चारशे सीसीची. आणि एक डेन्झिल मामाची, जिची टाकी लाल होती आणि मडगार्डं निळी. माणसं दहा, कारण टलीची बायको त्याच्या मागे बसणार होती. पाणी सगळ्यांचं मिळून सव्वीस लिटर. हे मी एकेकाला विचारत मोजलं आणि त्यापायी 'मास्तरीणबाई' असं दोनदा ऐकून घेतलं. पाठीवर क्लबचा बिल्ला शिवलेली जाकिटं सात. माझ्या जाकिटावर बिल्ला नव्हता, कारण मी सभासद नव्हते. डेन्झिल मामाच्या जाकिटावर बिल्ल्याच्या जागी नुसताच एक गोल होता, उन्हानं विटलेल्या कातड्यावर जास्त काळा, कडेला सुईची भोकं असलेला.

क्लबमधला मर्ल मामाच्या गाडीभोवती एक फेरी मारून आला. "डेन्झिल, ही दोन रंगांची कशी रे? अर्धी चोरलीस आणि अर्धी विकत घेतलीस?"

"अर्धी तुझ्या बायकोनं दिली," मामा म्हणाला.

सगळे हसले. माझे बाबाही हसले. चार वर्षांत मामा काही बोलला आणि बाबा हसले, असं झालेलं मी पाहिलं नव्हतं.

बाबांचं नाव हॉइट. क्लबच्या राइडमध्ये सगळ्यात पुढे ते असतात. तीस वर्षं त्यांनी मालगाडी चालवली आणि मोटरसायकलही तशीच चालवतात, एका वेगात, मागे न बघता. मागे बघायची गरज पडू नये म्हणून आमच्याकडे एक पद्धत आहे. वळण आलं की पुढचा माणूस डाव्या हातानं जमिनीकडे बोट दाखवतो. त्याच्या लगेच मागे जो असेल त्यानं तिथेच कडेला थांबायचं. त्याला आम्ही खांब म्हणतो. बाकीचे खांबाला बघून वळतात. सगळ्यात शेवटी पिवळं जाकीट घातलेला माणूस येतो, त्याला शेपूट म्हणतात. शेपूट आलं की खांबानं सुटायचं. तोवर नाही. आणि याची दुसरी बाजू अशी की वळणावर खांब नसेल तर ते वळण नाही, सरळ जायचं. रस्ता स्वतःला पाठ असला तरी. पुढच्या माणसानं ऐनवेळी मार्ग बदललेला असू शकतो, म्हणून.

चार वर्षांपूर्वी जूनमध्येच, गॉफ्सच्या वळणावर डेन्झिल मामा खांब होता. वीसेक मिनिटं थांबल्यावर एक पिवळं जाकीट समोरून वळून गेलं. मामानं गाडी सुरू केली आणि निघाला. ते जाकीट आमच्यापैकी कुणाचं नव्हतं. भाड्याच्या मोटरसायकली घेऊन जुना हायवे बघायला येणारे परदेशी पर्यटक असतात, त्यातला एक होता. मागून बाबांचा धाकटा भाऊ, केसी काका आला. वळणावर कुणी नव्हतं. त्याला ते वळण लहानपणापासून माहीत होतं, तरी तो नियमाप्रमाणे सरळ गेला. मग त्याला शंका आली असावी. त्यानं रस्त्यातच गाडी उलटी वळवायला घेतली आणि समोरून ट्रक आला. शेपूट मर्ल होता. त्यानं सगळं पाहिलं.

दफन झाल्यावर आठवड्यानं बाबांनी स्वतः ब्लेडनं मामाच्या जाकिटावरचे टाके कापले. मामा खुर्चीत पाठ करून बसला होता, न्हाव्याकडे बसतात तसा.

डेन्झिल मामा माझ्या आईचा भाऊ. लग्न केलं नाही. गावातले कूलर आणि एसी दुरुस्त करतो आणि नीडल्ससारख्या गावात त्याला उन्हाळ्यात जेवायला फुरसत नसते. एकोणिसाव्या वर्षापासून त्याचा प्रत्येक शनिवार क्लबमध्ये गेला होता. नंतरची चार वर्षं तो शनिवारी गॅरेजचं शटर अर्धं खाली ओढून बसायचा. गाड्या समोरूनच जायच्या. आई थँक्सगिव्हिंगच्या सणाचं जेवण दोनदा करायची, गुरुवारी बाबांसाठी आणि शुक्रवारी मामासाठी. तोच टर्की, गरम करून.

या वर्षी एप्रिलमध्ये मामा क्लबच्या बैठकीत गेला आणि उभ्यानं म्हणाला, "काय करू ते सांगा." सगळ्यांनी बाबांकडे पाहिलं. मग बाबांनीच सांगितलं. केसी गेला त्या दिवसाची राइड पूर्ण करायची, ज्या वळणावर बोट दाखवू तिथे खांब व्हायचं, आणि बार्स्टोला पोचल्यावर बिल्ला परत. मतदान झालं. सगळे हात वर.

म्हणून आम्ही जूनच्या शेवटच्या शनिवारी निघालो होतो. बाकीचे क्लब हा वाळवंटातला जुना रस्ता मार्चमध्ये नाहीतर नोव्हेंबरमध्ये करतात.

"किती पाणी घेतलंयस?" मी मामाला विचारलं.

"दीड लिटर."

"एवढंच? आणि रक्तदाबाची गोळी घेतलीस सकाळी?"

"घेतली. लघवीची पण घेतली. आता लघवी कुठे आणि किती करणार ते पण लिहून देऊ का, मास्तरीणबाई?"

मी भूगर्भशास्त्र शिकले आहे. जिल्ह्यातल्या विहिरींची पाण्याची पातळी मोजणं हे माझं काम. कुणालाही किती पाणी लागतं हे विचारायची मला सवय लागली आहे. मी त्याला माझी एक बाटली देऊ केली. त्यानं घेतली नाही. गाडीवर जागा नाही म्हणाला.

नीडल्सहून थेट जुन्या रस्त्यानं जाता येत नाही. पुरात लाकडी पूल गेले आहेत आणि बराच भाग बंद आहे. त्यामुळे आधी नव्या हायवेनं शंभरेक किलोमीटर जायचं, केलबेकरच्या फाट्याला उतरायचं, दक्षिणेला डोंगर ओलांडून खाली आलं की समोर आडवा जुना हायवे लागतो. तिथे डावीकडचा रस्ता बंद, अडथळे टाकलेले. उजवीकडे अ‍ॅम्बॉय, पुढे लडलो आणि मग बार्स्टो.

नव्या हायवेवरून उतरताना बाबांनी बोट दाखवलं आणि टली खांब म्हणून थांबला. टलीची बायको उतरून हातपाय मोकळे करू लागली, ते मी आरशात पाहिलं. आता बाबांच्या मागे मामा होता आणि त्याच्या मागे मी. उतारावरून खाली येताना समोर सगळं खोरं दिसत होतं, मीठ, काळा लाव्हा आणि मधून जाणारी मालगाडी. आडव्या रस्त्याला पोचलो. बाबांचा डावा हात खाली आला. मामानं गाडी कडेला घेतली, स्टँड लावला, हेल्मेट काढून आरशावर अडकवलं आणि रस्त्याकडे तोंड करून उभा राहिला. मी वळताना त्यानं मला सलाम ठोकला. दात दिसत होते.

त्या वळणावर झाड नाही. पाटीचे दोन खांब आहेत, त्यांची सावली मनगटाएवढी जाड. फोनला रेंज नाही. पावणेनऊला माझ्या हँडलवरचा थर्मामीटर अडतीस दाखवत होता.

लडलोला पोचलो तेव्हा मी आरशात दिवे मोजले. सात हवे होते, चारच होते. बाकीचे मागून येतील, असं मी धरून चालले. पण कॅफेच्या समोर मर्लची गाडी उभी होती. टलीचीही. इंजिनं गार झालेली होती, मी हात लावून पाहिला. आत मर्ल खिडकीपाशी चेरी-पाय, म्हणजे चेरी भरलेली भाजलेली गोड पोळी, खात बसला होता. पिवळं जाकीट त्याच्या खुर्चीच्या पाठीवर होतं.

"तू इथे कसा?" मी विचारलं.

"रस्त्यानं," मर्ल म्हणाला.

टलीनं तोंडावर रुमाल धरला. त्याच्या बायकोनं मला शेजारी बसायला जागा केली आणि म्हणाली, "बस गं, पोरी. पुरुषांचं चाललंय काहीतरी."

मला समजायला फार वेळ लागला नाही. मर्ल फाट्याला उतरलाच नव्हता. टलीला घेऊन तो नव्या हायवेनंच सरळ आला होता. आधीपासून ठरलेलं होतं. मामाच्या मागून येणारं आता कुणीच नव्हतं. पैज लागली होती, तो किती वेळ उभा राहील यावर. ज्याचा अंदाज सगळ्यात जास्त चुकेल त्यानं सगळ्यांच्या चेरी-पायचे पैसे द्यायचे. मर्लनं वीस मिनिटं सांगितली होती. टलीनं पाऊण तास.

"आणि बाबा?" मी विचारलं. "तुम्ही किती सांगितलीत?"

बाबा मेनू बघत होते. त्या कॅफेचा मेनू मी शाळेत असल्यापासून बदललेला नाही. "मी पैज लावत नाही," ते म्हणाले. "लावली असती तर दहा म्हणालो असतो. दहापर्यंत येईल तो."

दहा वाजले. सगळ्यांची अंडी आणि बटाटे आले. कुणीतरी खिडकीचा पडदा सरकवला म्हणजे रस्ता दिसेल. एक मोटरसायकल आली की सगळे मान वळवायचे, आणि ती पर्यटकाची निघाली की हसायचे. पहिली काही मिनिटं ते हसणं सकाळसारखंच होतं. साडेदहापर्यंत हसणं कमी झालं. मर्ल पैज हरला होता आणि त्याबद्दल कुणी त्याला काही बोलत नव्हतं.

मी बाबांना बाहेर बोलावलं. आम्ही बर्फाच्या यंत्राच्या बाजूला, भिंतीच्या सावलीत उभे राहिलो.

"बेचाळीस आहे," मी म्हणाले. "त्याच्याकडे दीड लिटर पाणी होतं. तो लघवीची गोळी खातो. मर्लला पाठवा."

"येईल तो."

"नाही येणार. दोन तास झाले."

"तेच म्हणतोय मी." बाबांनी यंत्राचं झाकण उघडलं, आत हात घातला आणि बंद केलं. बर्फ घेतला नाही. "दोन तास झाले. म्हणजे जमतं त्याला."

"काय जमतं?"

"थांबायला जमतं. मग तेव्हा का नाही जमलं?"

मला वाटलं होतं की त्यांना मामाची फजिती बघायची आहे. तो वैतागून निघून येईल, सगळे हसतील आणि बिल्ला मिळणार नाही. ते मी समजू शकले असते. पण त्यांना आता तो येतोय याची भीती वाटत नव्हती आणि येत नाही याचीही नाही. तो उभा राहिला, याचाच राग येत होता. जेवढा जास्त उभा राहील तेवढा जास्त.

"मी जाते," मी म्हणाले.

"जा. त्यानं तुझ्याबरोबर वळण सोडलं तर सोडलंच, एवढं सांगून ठेव त्याला."

"पोलिसांना फोन करते."

"कर की. पोलिसांनी वळणावरून उचलून आणलेला माणूस. त्याला काय आवडेल ते तूच ठरव, शिकलेली आहेस."

मी फोन केला नाही. पंचावन्न किलोमीटर जुन्या रस्त्यानं परत गेले. त्या रस्त्याला भेगा आहेत आणि दर भेगेला हँडल हातात उडतं. अ‍ॅम्बॉयला थंड पाण्याच्या दोन बाटल्या घेतल्या.

मामा होता तिथेच उभा होता. गाडीपासून हातभर दूर, रस्त्याकडे तोंड. जाकीट अंगातच होतं. चेहरा लाल होता, पण कपाळावर घाम नव्हता, आणि ते मला आवडलं नाही.

"रो!" तो म्हणाला. माझं नाव रोवेना, तो रो म्हणतो. "तू उलटी कुठून आलीस?"

"मामा, चल. गाडी सुरू कर."

"शेपूट कुठाय?"

"मर्ल लडलोला आहे. तो नव्या हायवेनं गेला. फाट्याला उतरलाच नाही."

त्यानं यावर विचार केला. ओठ चिकटले होते, ते त्यानं बोटानं सोडवले. "चुकला असेल."

"हो. म्हणून चल."

"चुकला तर परत येईल ना. चुकलेला माणूस परत येईपर्यंतच उभं राहायचं असतं. नाहीतर खांब कशाला पाहिजे? पाटी पुरे की."

"मर्लनंच मला पाठवलंय. तुला सांग म्हणाला, सुटलास म्हणून."

"खोटं बोलताना तू तुझ्या आईसारखी नाक ओढतेस." तो हसला आणि हसताना एका बाजूला कलला, मी दंड धरला. दंड कोरडा आणि फार गरम होता. "आणि खरं असलं तरी तोंडी निरोप चालत नाही. सकाळपासून दोन पिवळी जाकिटं गेली, माहितीये? एक तर थांबलं. जर्मन होता. काही मदत पाहिजे का म्हणाला. मी म्हटलं, हेल्मेटची काच वर कर, तोंड दाखव. घाबरून गेला बिचारा." तो पुन्हा हसला. "मी हललो नाही, रो."

मी पाणी दिलं. तो पाव बाटली प्यायला आणि पाटीच्या खांबाला धरून ओकला. उरलेलं मी त्याच्या डोक्यावर आणि मानेवर ओतलं. त्यानं ओतू दिलं. जाकीट मात्र काढू दिलं नाही. "बिल्ल्याच्या राइडला जाकीट काढत नाहीत," म्हणाला. मी त्याला गाडीच्या पलीकडे, इंजिनाच्या सावलीत बसायला सांगितलं. "बसलेला खांब मागच्याला दिसत नाही."

माझ्या कामाचा थर्मामीटर मी डांबराला टेकवून पाहिला. त्रेसष्ट.

"मामा, ऐक. तुला काही झालं तर?"

"आता नको, रो," तो म्हणाला. आवाज एकदम साधा होता, दुरुस्तीला आलेल्या घरात गिऱ्हाइकाला सांगतात तसा. "चार वर्षं मी तेच वळण रोज बघतोय. आज एकदा नीट होऊ दे. तुला मदत करायचीय ना? मर्लला घेऊन ये. जा."

एक कारवाँ, म्हणजे चाकांवरचं घर, आला. मी हात करून थांबवला. आतल्या म्हाताऱ्या जोडप्याला मी सांगितलं, पुढे रेंज आली की रुग्णवाहिकेसाठी फोन करा. म्हातारी हो म्हणाली. त्यांनी फोन केला की नाही मला माहीत नाही. रुग्णवाहिका आली नाही. दुसरी बाटली मी मामाच्या हातात दिली, झाकण उघडून, आणि निघाले.

लडलोला कॅफेतलं आमचं टेबल आवरलं होतं. सगळे कॉफी घेऊन बसले होते. मी मर्लसमोर जाऊन उभी राहिले.

"जाकीट घाल आणि चल."

मर्लनं बाबांकडे पाहिलं.

"त्यांच्याकडे काय बघतोस? त्याला ओकारी आली. त्याचा घाम बंद झालाय. याचा अर्थ कळतो का तुला?"

"हॉइट," मर्ल म्हणाला, "साडेतीन तास झाले यार."

"कॉफी संपव," बाबा म्हणाले.

मर्लनं कॉफी संपवली. खरोखरच संपवली, कप वाकडा करून. मग उठला आणि जाकीट घालायला लागला. बाबा काही बोलले नाहीत, म्हणजे ती परवानगी होती. टलीची बायको बर्फाच्या दोन पिशव्या घेऊन आली आणि माझ्या गाडीवर बांधायला लागली. "मला वाटलं अर्ध्या तासाची गंमत आहे," ती म्हणाली. "खरंच गं." मी पिशव्यांची दोरी ओढून पाहिली आणि गाडी सुरू केली.

आम्ही नव्या हायवेनं आलो, फाट्याला उतरलो, डोंगरावरून खाली. म्हणजे मर्ल योग्य बाजूनं आला. दुपारचा एक वाजून गेला होता. लांबून वळणावर उभी आकृती दिसली तेव्हा मर्लनं वेग कमी केला. मला वाटतं त्याला धीर होत नव्हता. जवळ जाऊन त्यानं काच वर केली.

मामानं त्याच्या तोंडाकडे बराच वेळ पाहिलं. बुबुळं स्थिर राहत नव्हती. मग म्हणाला, "मर्ल."

"हो."

"उशीर केलास."

"टायर," मर्ल म्हणाला. "टायर बसला होता."

मामानं मान हलवली, हेल्मेट घातलं, तिसऱ्या खेपेला पाय पलीकडे टाकता आला, आणि गाडी सुरू केली. मी बर्फ दिला तो त्यानं मांडीवर ठेवला आणि पहिल्याच भेगेला तो रस्त्यावर पडला. मी त्याच्या शेजारून चालवत होते. मर्ल मागे, नियमाप्रमाणे. पंचावन्न किलोमीटर मामानं गाडी पांढऱ्या रेघेच्या आत ठेवली. कशी, ते मला अजून कळलेलं नाही.

लडलोला त्यानं गाडी रांगेत लावली, इतरांच्या चाकांच्या रेषेत चाक आणून. सगळे बाहेर आले होते. कुणी टाळ्या वाजवायला लागलं आणि मग सगळ्यांनीच वाजवल्या. बाबा पुढे झाले. बार्स्टोपर्यंत थांबायचं ठरलं होतं, पण त्यांनी तिथेच खिशातून बिल्ला काढला आणि मामाच्या हातात दिला. मामा म्हणाला, "केसीला सांग—" आणि पुढचं वाक्य आलं नाही. गुडघे आधी वाकले. टलीनं पकडलं म्हणून डोकं फुटलं नाही. बिल्ला त्याच्या मुठीत होता, तो बार्स्टोच्या रुग्णालयात नर्सनं बोटं एकेक उघडून काढला.

तपमान उतरवायला त्यांना दीड तास लागला. दुसऱ्या दिवशी तो माणसं ओळखायला लागला. लघवी कोकाकोलाच्या रंगाची होती. डॉक्टरीणबाईंनी मला सांगितलं की उष्णतेनं स्नायू विरघळले आणि तो चोथा मूत्रपिंडात जाऊन बसला आहे. रक्तातलं क्रिएटिनिन, जे मूत्रपिंडं नीट चालत असताना एकच्या आसपास असतं, पहिल्या दिवशी २.९ आलं, दुसऱ्या दिवशी ४.१. मी आकडे फोनमध्ये टिपून घेत होते. त्याचा आलेख काढायची गरज नव्हती, वर जातोय हे दिसत होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी मामाला सगळं सांगितलं. मर्लचा टायर बसला नव्हता. पैज लागली होती. तो उभा असताना ते चेरी-पाय खात होते. दोन तासांनीही बाबांनी मर्लला पाठवलं नाही आणि शेवटी त्याला म्हणाले, कॉफी संपव.

मामा उशीवर मान टेकून ऐकत होता. त्याच्या हाताला सुया होत्या आणि पांघरुणावर जाकीट पसरलेलं होतं, कारण बिल्ला शिवायला आई सुई-दोरा घेऊन येणार होती.

"झालं बोलून?" तो म्हणाला.

"खरं आहे हे. टलीच्या बायकोला विचार."

"तुझ्या बापाचा भाऊ मेलाय, रो. माझ्यामुळे. त्या माणसानं स्वतःच्या हातानं मला हे परत दिलं." त्यानं बिल्ल्यावर हात ठेवला. "आणि तू मला सांगतेस की तो तिथे बसून खेळ करत होता? हॉइट?"

"हो."

"शिकून तुझ्या डोक्यात काय भरलंय गं? सगळ्यांना मोजायचं, सगळ्यांच्या चुका काढायच्या. बापाबद्दल असं बोलतेस?"

"मामा, मी तिथे होते."

"मीही तिथे होतो," तो म्हणाला. "तू बाहेर जा. तुझी आई आली की आत पाठव."

मी उठले नाही. तेवढ्यात बाबाच दारात आले. हातात कॅफेतल्या चेरी-पायचं खोकं होतं. ते माझ्याकडे न बघता पलंगाच्या पायथ्याशी उभे राहिले.

"ये हॉइट," मामा म्हणाला. "बस. पोरगी जरा दमलीये. काहीबाही बोलते. मनावर घेऊ नकोस."

"नाही घेत," बाबा म्हणाले.

"मर्लचा टायर कसा आहे?"

बाबांनी खोकं टेबलावर ठेवलं आणि त्याची दोरी सोडायला घेतली. गाठ पक्की होती. "बदलला," ते म्हणाले.

"ते बरं झालं," मामा म्हणाला.

आई आली, खुर्ची खिडकीपाशी ओढून शिवायला बसली. जुन्या भोकांतूनच दोरा घालत होती. संध्याकाळी नर्सनं मामाचं रक्त नेलं आणि तासाभरानं येऊन पलंगाला लावलेल्या कागदावर आकडा लिहिला.

क्रिएटिनिन: ६.८.